बिनआग्रहाचा वसंत

मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे सरकतात आणि आमच्या नॉटिंगहॅमच्या घरात चिखलाचा मोसम सुरू होतो. मागच्या दारातून सायकल आत येते, तिच्यामागे चिखल येतो, चिखलामागे ओल्या पानांचा आणि रानलसणीचा वास येतो. बागेतल्या पाइपचं पाणी अजून बोटं बधिर करण्याइतकं गार असतं. पण संध्याकाळी सात वाजताही ऊन असतं, आणि पाच महिने दिव्याखाली काढलेल्या माणसाला तेवढं पुरतं. मी चाकाच्या आऱ्यांतून काडीने गवत उपसत बसते आणि मनात हिशेब चालू असतो की पुढच्या शनिवारी कुठे जायचं, आणि वर स्कॉटलंडात बर्फ अजून किती उरला असेल.

काल असंच बसले होते. चिखल सुकून पोपडे पडत होते. आणि एकदम तीन वर्षांपूर्वीचा वसंत आठवला. आमच्या मित्राचा, देवाचा, इथला शेवटचा.

आम्ही चौघं होतो. मी भूलतज्ज्ञ, म्हणजे माणसांना झोपवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. जागेपणी माझी बडबड ऐकण्यापेक्षा पेशंट झोपणं पत्करतात, असं मिहिर म्हणतो. मिहिर पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. त्याच्याकडे सायकलीपेक्षा सायकलीची हत्यारं जास्त, आणि प्रत्येक हत्याराबद्दल सांगण्यासारखी एक गोष्ट. अनिका कॉव्हेंट्रीत जन्मलेली, तिथल्या एका मराठी डॉक्टर जोडप्याची मुलगी. आमच्यात सगळ्यांत लहान आणि बर्फावर आमची गुरू. तिच्या मराठीत पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग गुण्यागोविंदाने एका घरात राहतात. आणि देवदत्त, म्हणजे देवा, नागपूरचा. आयुष्यातली पहिली तीस वर्षं त्याने बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिला होता.

हिवाळा सरता सरता सायकली, आणि वसंतात उरलेल्या बर्फावर स्नोबोर्ड, असं आमचं वेळापत्रक. तेही यंत्राने वर नेणाऱ्या, माणसांनी गजबजलेल्या उतारांवर नाही. आपल्या पायांनी डोंगर चढायचा आणि जिथे कुणी नाही तिथून उतरायचं. त्यासाठीचा बोर्ड उभा दुभंगतो आणि त्याच्या दोन स्की होतात. खाली केसाळ पट्ट्या चिकटवल्या की चढावर मागे घसरायला होत नाही. वर पोचलं की दोन्ही भाग जोडायचे, पट्ट्या काढून जाकिटात कोंबायच्या आणि उतरायचं. चार तास चढून दहा मिनिटांत खाली. घरी हे कुणाला समजावून सांगायच्या फंदात मी पडत नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत देवाने सांगितलं की तो मे महिन्यात कायमचा परत चाललाय. आई एकटी होती, गुडघे गेले होते, आणि फोनवर "मी बरी आहे" म्हणायची तिची पद्धत त्याला पाठ झाली होती. मिहिरने नकाशा काढला. स्कॉटलंडात, केअर्नगॉर्मच्या डोंगरात एक घळ आहे, दोन काळ्या कड्यांच्या मधोमध बर्फाने भरलेली, वरून बघितलं तर खाली थेट गोठलेल्या तळ्यात उतरणारी. ती देवाने पहिल्याच वर्षी खालून पाहिली होती आणि "एक दिवस इथून उतरीन" असं म्हणून बसला होता. तीन वसंत आम्ही तिच्यासाठी गेलो आणि तिन्ही वेळा वाऱ्याने नाहीतर धुक्याने परत पाठवलं. आता एकच वसंत उरला होता. देवाला त्या घळीतून उतरवून मगच नागपूरला पाठवायचं, असं ठरलं. ठरवण्यात माझाच पुढाकार होता, हे सांगायला नकोच.

तयारी मार्चपासून. दर शनिवारी जवळच्या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत सायकली. काय दिवस होते ते! दगडी बांधांवर शेवाळ चमकतंय, कालच जन्मलेली कोकरं आईच्या पोटाखाली ढुशा मारतायत, माळावर लांब चोचीचे कर्ल्यू शीळ उंच उंच नेऊन सोडून देतायत. चढावर फक्त आपला श्वास आणि चेनची कुरकुर. उतारावर मात्र डोळ्यांतून पाणी, दातांत चिखल आणि कानांत वारा. चाळिशीतली बाई मोठ्याने ओरडत उतरतेय, हे बघायला मेंढ्यांशिवाय कुणी नाही. मला तेवढी मोकळीक जगात दुसरीकडे कुठे मिळालेली नाही.

अशाच एका उतारावर दगडी पायऱ्या होत्या. तीन, ओल्या, मधे नाला. अनिका गेली, मिहिर गेला, मी गेले. देवा वर थांबला.

"नको, मी उतरून येतो," तो म्हणाला.

"अरे, काही होत नाही! ब्रेक सोड आणि ये."

"नको गं डॉक्टर. आज नको."

"एकदाच रे! घळ उतरायचीय ना? मग हे काय आहे? चल, मी बघतेय."

तिसऱ्यांदा तो नको म्हणाला नाही, आला. पहिली पायरी छान उतरला. दुसरीवर पुढचं चाक अडलं आणि देवा हँडलवरून उडून बाजूच्या गॉर्सच्या झुडपात पडला. गॉर्स म्हणजे बोटभर काटे आणि त्यावर पिवळीधमक फुलं. त्या फुलांना चक्क ओल्या खोबऱ्याचा वास येतो. कार पार्कमध्ये मी चिमट्याने त्याच्या पाठीतले काटे काढत होते आणि त्याच्या अंगाला नारळाच्या वड्यांसारखा घमघमाट येत होता. मिहिर हसून हसून खाली बसला. देवाही हसत होता. "अबे, सणासुदीचा वास येऊन राहिला मला," असं म्हणत होता. मनगट मुरगळलं होतं, बाकी खरचटलं होतं.

मग अनिकाने त्याचं हेल्मेट उचलून माझ्यासमोर धरलं. मागच्या बाजूने ते वरपासून खालपर्यंत तडकलं होतं. अशी डोकी माझ्याकडे टेबलावर येतात, हेल्मेट नसलेली. माझ्या हातातला चिमटा थांबला.

"ताई," अनिका म्हणाली, "तो नको म्हटला होता. टू टाइम्स. तू का नाही ऐकली?"

का नाही ऐकलं? कारण मी ऐकलंच होतं, पण ते मोजायला घेतलं नव्हतं. मी नाशिकची. आमच्या घरी पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हटलं की ती रीत, दुसऱ्यांदा म्हटलं की लाजतोय, तिसऱ्यांदा ताटावर आडवा हात धरला की मग कुठे विचार करायचा, आणि तरीही हाताच्या फटीतून अर्धी पोळी सरकवायचीच. या देशात पहिल्या वर्षी मी याच हिशेबाने उपाशी राहिले होते. एका कन्सल्टंटच्या, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरच्या, घरी केक पुढे आला, मी रीतीप्रमाणे "नो, थँक्स" म्हणाले आणि दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत राहिले. केक उचलला गेला. त्यांनी माझा शब्द खरा धरला होता. घरी येऊन मी भात लावला आणि इंग्रजांना माया नाही असा निकाल देऊन टाकला. आता चिमटा हातात घेऊन त्या निकालाचा फेरविचार करत होते.

अनिका डोंगरात गाइड व्हायचं शिकत होती. तिने आम्हाला तिथेच बसवून नियम घातला. तो पहाडावरचा जुनाच नियम आहे, सगळीकडे शिकवतात. चौघांत एकजण जरी नको म्हणाला तरी चौघांनी फिरायचं. कारण विचारायचं नाही, समजूत काढायची नाही, तोंड पाडायचं नाही. "एकदा नको म्हटला की फिनिश. नो आग्रह. आणि प्रॅक्टिस पाहिजे. म्हणून जेवायला पण सेम नियम." जेवताना पण? "हो. तुमचा प्रॉब्लेम तिथून सुरू होतो."

पाडव्याला सगळे माझ्याकडे जेवायला आले. आदल्या दिवशी चक्का टांगून मी श्रीखंड केलं होतं, पुऱ्या गरम उतरत होत्या. मी वाडगा घेऊन मिहिरपाशी गेले. "श्रीखंड?" "नको नको, बस," मिहिर म्हणाला. माझा हात सवयीने पुढे गेला होता. अनिकाने भुवई उचलली. मी वाडगा घेऊन पुढे सरकले. मिहिरने मान वळवून वाडग्याकडे पाहिलं, ताटावरून उठवलेल्या माणसाने पाहावं तसं. वाडगा देवाकडे गेला, देवाने दोनदा घेतलं. वाडगा अनिकाकडे गेला. मग स्वयंपाकघरात गेला.

"अगं, मी आपलं रीतीप्रमाणे म्हटलं होतं," शेवटी मिहिर कळवळून म्हणाला.

"टू लेट," अनिका म्हणाली.

देवा इतका हसला की ठसका लागला. त्या दिवसापासून मिहिर पहिल्या हाकेला हो म्हणतो. आणि मी? मला अंग आवळून बसल्यासारखं वाटत होतं. न वाढता माणसांवर प्रेम कसं करतात हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

पण एप्रिल मोठा गोड गेला. झाडांखाली ब्लूबेलच्या फुलांचा निळा धूर पसरला, हॉथॉर्नच्या कुंपणांना पालवी फुटली. देवाचं मनगट बरं झालं, नवं हेल्मेट आलं. आम्ही नको म्हणायची सवय करत होतो. मिहिर एका नाल्यापाशी नको म्हणाला, आम्ही चौघं मुकाट्याने सायकली उचलून पूल शोधत गेलो. अनिका एकदा चांगल्या उन्हात, चांगल्या वाटेवर नको म्हणाली. मला वाटतं, ती आमची परीक्षाच घेत होती. मी जीभ दातांत धरून पास झाले. देवा मात्र पुन्हा एकदाही नको म्हणाला नाही. मी ते धीटपणात जमा केलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हवामान उघडलं. तीन दिवस ऊन, वारा नाही, रात्री गोठवणारी थंडी. मी ड्यूटीचा रोटा बदलून घेतला, मिहिरने सुट्टी टाकली, अनिकाने तिचा क्लास बुडवला, आणि टपावर चार बोर्ड बांधून आम्ही उत्तरेला निघालो. चारशे मैल. महामार्गावरच्या सर्व्हिसेसमध्ये थांबून डब्यातले पराठे, मिहिरची जुनी गाणी, देवाचा गाडीत झोपून उघडा राहिलेला जबडा. स्कॉटलंडातलं पर्थ सोडलं आणि डोंगरांच्या खांद्यांवर पांढरे पट्टे दिसायला लागले.

सकाळी चढायला लागलो. हेदरच्या झुडपांमधून, मग बर्फाच्या पहिल्या तुकड्यावर. पट्ट्यांचा सर्र-सर्र आवाज, काठ्यांची टकटक. एक टार्मिगन पक्षी वाटेतच बसला होता, हिवाळ्याची पांढरी पिसं अर्धी झडलेली, उन्हाळ्याची तपकिरी अर्धी आलेली. आम्हाला पाहून तो उडालासुद्धा नाही, नुसता तुरुतुरु बाजूला झाला. बर्फ वसंतातला होता, रव्यासारखा जाड, उन्हात चमचमणारा. अशा बर्फाचं एक गणित असतं. पहाटे तो दगड असतो, दहा-अकराला वरचा थर मऊ होतो, तेव्हा उतरायचं. फार ऊन खाल्लं की तो आतून सुटायला लागतो आणि अख्खा थर माणसासकट खाली येऊ शकतो. आम्हाला अकराला माथ्यावर पोचायचं होतं. पण देवाच्या पट्ट्यांचा गोंद ओला झाला, त्या सुटत राहिल्या, दर शंभर पावलांवर थांबून पुसून चिकटवाव्या लागल्या. आम्ही घळीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते.

मी काठाशी जाऊन खाली पाहिलं. तिथून दिसणारं ते दृश्य मी अजून विसरलेले नाही. दोन काळे कडे, मधे पांढरीशुभ्र गादी, एकही रेघ न उमटलेली, आणि खाली तळ्याच्या बर्फात पडलेली निळी चीर. तीन वर्षं याचीच वाट पाहिली होती. आणि त्याच वेळी डाव्या कड्याखालून लिंबाएवढा एक बर्फाचा गोळा आपणहून सुटला आणि गडगडत, मोठा होत खाली गेला. मग आणखी एक.

मिहिरने फावड्याने बर्फ खोदून पाहिला. "बॉर्डरलाइन आहे," तो म्हणाला. "पण ओके वाटतंय. आत्ता लगेच गेलो तर."

अनिकाने नियमाप्रमाणे एकेकाला विचारलं. "मिहिर? जायचा?"

"हो."

"देवा?"

देवा खाली वाकून बुटाचा पट्टा ओढत होता. तो आधीच गच्च होता. "हो," तो म्हणाला.

"ताई?"

पुढच्या आठवड्यात हवामान मोडणार होतं. त्यानंतर बर्फ नाही, देवाही नाही. या घळीचं वेड मी महिनोन् महिने सगळ्यांच्या डोक्यात भरलं होतं. एक "हो" म्हटलं की झालं. आणि माझ्या डोळ्यांसमोर कार पार्कमधलं ते तडकलेलं हेल्मेट होतं. कारण नीट सांगता आलं नसतं. दोन लिंबाएवढे गोळे, एवढंच.

"नको," मी म्हणाले.

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, कुणीतरी आग्रह करावा. देवाने म्हणावं, अगं डॉक्टर, काही होत नाही, एकदाच. मार्चमध्ये मी त्याला दोनदा म्हटलं होतं, त्याला एकदा तरी म्हणायचा हक्क होता. मी रडले असते, भांडले असते, कदाचित गेलेही असते. पण देवाने खांद्यावरची बॅग सारखी केली, "बरं," म्हणाला आणि पाठ फिरवून चालायला लागला. मिहिर त्याच्यामागे. अनिकाने फक्त माझ्या पाठीवर एक थाप मारली.

पलीकडच्या रुंद, साध्या उतारावरून आम्ही खाली आलो. बर्फ सुरेख होता. देवा पुढे होता आणि मोठमोठी वळणं घेत, हात पसरून, नागपुरी शिव्या हासडत उतरत होता. त्याला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, माझं मन राखायला करतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी आम्ही खालच्या कार पार्कमध्ये चहाला थांबलो. हवा स्वच्छ होती. मिहिरने दुर्बीण डोळ्याला लावली आणि माझ्याकडे दिली. घळीत तीन रेघा होत्या. ताज्या, एकीत एक गुंफलेल्या, तळ्यापर्यंत. पहाटेच कुणीतरी वेळेवर चढून उतरून गेलं होतं. घळ जागच्या जागी होती. ती कोसळली नव्हती, काही झालं नव्हतं.

मी दुर्बीण खाली घेतली. "देवा," मी म्हणाले, "सॉरी रे. आम्हालाही जमलं असतं काल. माझ्यामुळे गेलं तुझं."

देवा फ्लास्कमधून चहा ओतत होता. त्याने घळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एक सांगू का डॉक्टर? मी अर्ध्या चढातूनच घाबरून राहिलो होतो. तू नको म्हटलं नसतं ना, तं मी गेलो असतो अन् पडलोच असतो."

"मग विचारलं तेव्हा हो कशाला म्हणालास?" मी जवळजवळ ओरडलेच. "नियम कशासाठी होता?"

"अगं, तू ड्यूटी बदलून आली. यानं सुट्टी घेतली. हिनं तीन वर्षं मला शिकवलं. चारशे मैल गाडी हाकत मला घेऊन आले तुम्ही. सगळं माझ्यासाठी." तो कपाकडे बघत म्हणाला. "मी कोणत्या तोंडानं नको म्हणू?"

"दॅट इज सो स्टुपिड, देवा," अनिका म्हणाली.

आम्ही महिनाभर जिभा आवरल्या होत्या. श्रीखंडाचा वाडगासुद्धा निमूटपणे परत नेला होता. आणि देवाच्या मानेवर तिघांच्या मायेचं एवढं मोठं ओझं ठेवून त्याला डोंगर चढवला होता. त्याची भीड आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. मला त्याची दया आली, माझा राग आला, आणि त्याहून जास्त सुटका वाटली. तो जिवंत होता, चहा पीत होता, आणि त्याच्या मिशीला साय लागली होती. मिहिरने त्याला दुर्बीण दिली. देवाने रेघा बघितल्या, "मस्त उतरले बे," असं मनापासून म्हणाला आणि दुर्बीण परत केली.

मे महिन्याच्या अखेरीस मी त्याला विमानतळावर सोडायला गेले. हीथ्रोपर्यंत आम्ही दोघं सायकलींबद्दलच बोलत होतो. त्याने त्याची सायकल अनिकाला दिली होती, बोर्ड माझ्या गॅरेजमध्ये ठेवला होता. सामान आत गेलं. आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "पुढच्या वसंतात येशील ना रे, आठवडाभर तरी?"

त्याने थोडा विचार केला. खाली नाही पाहिलं, पट्टा नाही ओढला. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "नाही गं. नाही जमणार आता."

त्या दगडी पायऱ्यांनंतर त्याने मला दिलेला तो पहिला सरळ नकार. माझ्या ओठांवर "अरे, असं काय करतोस" आलंच होतं. मी त्याला घट्ट मिठी मारली, आणि दुसऱ्यांदा विचारलं नाही.